अधोगमन पट्टे : भूकंप व त्सुनामी यांच्या मीमांसेचा इतिहास

पृथ्वीचे कवच व त्याखालील प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून शिलावरण बनते. हे शिलावरण अखंड नसून लहानमोठ्या भूपट्टांत विभागलेले आहे. दोन भूपट्ट एकमेकांकडे सरकत असता त्यांपैकी एक दुसऱ्याच्या खाली वळून प्रावरणात उतरत जातो, तेव्हा त्या क्रियेस अधोगमन म्हणतात व ती ज्या लांबट क्षेत्रात चालते त्यास अधोगमन पट्टा अशी संज्ञा आहे. खाली जाणारा भूपट्ट नेहमी महासागरी, म्हणजे बेसाल्टी खडकांचा व तुलनेने जड असतो. वरचा भूपट्ट खंडीय किंवा महासागरी असू शकतो. भूपट्ट वळतो तेथे सागरतळावर खोल खंदक तयार होतो आणि खंदकाला साधारण समांतर अशी ज्वालामुखींची रांग वरच्या भूपट्टावर आढळते.

पॅसिफिक महासागराच्या बहुतेक सर्व कडा, सुमात्रा-जावा ते अंदमानपर्यंतची चापाकृती द्वीपमाला, इराण व पाकिस्तान यांचा मकरान किनारा, कॅरिबियन समुद्राची पूर्व बाजू आणि भूमध्य समुद्राचा क्रीटजवळचा भाग येथे असे पट्टे आहेत. उपकरणांनी नोंदलेले ९ वा त्याहून अधिक महत्तेचे पाचही भूकंप (कॅमचॅटका १९५२, चिली १९६०, अलास्का १९६४, सुमात्रा-अंदमान २००४ व जपान २०११) अधोगमन पट्ट्यांतच झाले आणि पाचांनीही त्सुनामी निर्माण केल्या. त्यामुळे या पट्ट्यांचा अभ्यास हा केवळ भूविज्ञानाचा नव्हे, तर किनाऱ्यावरील लोकवस्तीच्या सुरक्षिततेचाही विषय आहे.

अधोगमनाची मूळ कल्पना १९७० च्या सुमारास स्थिर झाली. परंतु कोणत्या पट्ट्यात किती मोठा भूकंप होऊ शकेल, या प्रश्नाची उत्तरे त्यानंतरही वारंवार चुकली. या चुकांमागील एक प्रमुख कारण नोंदींचा अपुरा कालखंड हे होते. भूकंपलेखकाच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आहेत, तर एकाच ठिकाणच्या दोन महाभूकंपांमध्ये कित्येक शतके जाऊ शकतात. प्रस्तुत नोंदीत या संशोधनाचा क्रम दिला आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात सागरी तारायंत्राच्या तारा टाकण्यासाठी व वैज्ञानिक समन्वेषणासाठी महासागरांची खोली मोजण्यास सुरुवात झाली. ब्रिटिश ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीत (१८७२–७६) मेरिआना बेटांच्या नैर्ऋत्येस १८७५ मध्ये सु. ८,१८४ मी. खोली आढळली. पुढे असे ध्यानात आले, की सर्वांत खोल जागा महासागरांच्या मध्यभागी नसून द्वीपमालांच्या व खंडांच्या कडेला अरुंद खंदकांच्या रूपात आहेत. हे चमत्कारिक होते. कारण कडेला नद्यांचा गाळ साचून तळ उथळ असावा, अशी अपेक्षा होती.

दुसरा पुरावा गुरुत्वाकर्षणाच्या मापनातून मिळाला. डच भूभौतिकीविज्ञ फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांनी १९२३ पासून पाणबुडीतून प्रवास करून समुद्रावर लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वमापन केले. जावा व सुमात्रा यांच्या दक्षिणेकडील खंदकालगत त्यांना अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी गुरुत्वाकर्षणाचा एक सलग पट्टा आढळला. हलक्या खडकांचे कवच तेथे कोणत्या तरी बलाने खाली ओढून धरले गेले असावे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

तिसरा आणि निर्णायक पुरावा भूकंपांचा होता. भूकंप भूपृष्ठाच्या जवळच होतात, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. जपानी भूकंपविज्ञ कियो वादाती यांनी प्राथमिक व दुय्यम तरंग निरनिराळ्या केंद्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून १९२८ मध्ये असे दाखवून दिले, की काही भूकंपांची नाभी ३०० किमी.पेक्षाही अधिक खोल असते. १९३५ मध्ये त्यांनी जपानखालील भूकंपनाभींचे नकाशे काढले. खंदकाजवळ उथळ असलेल्या नाभी आशिया खंडाच्या दिशेने क्रमाक्रमाने खोल होत जातात, हे त्यांतून स्पष्ट झाले. अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यूगो बेनिऑफ यांनी १९४९ व १९५४ मध्ये टाँगा, दक्षिण अमेरिका इ. ठिकाणी अशीच तिरपी प्रतले दाखविली. या प्रतलांना आता वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात. भूकंपांच्या नाभी सु. ७०० किमी. खोलीपर्यंत आढळतात, त्याखाली आढळत नाहीत. मात्र बेनिऑफ यांच्या मते ही प्रतले म्हणजे खंडांच्या कडेचे प्रचंड विभंग (प्रस्तरभंग) होते. संपूर्ण सागरतळच खाली जात आहे, ही कल्पना अद्याप पुढे आलेली नव्हती.

सिद्धांताची बांधणी : आल्फ्रेट व्हेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेली खंडविप्लवाची कल्पना समाधानकारक बलाच्या अभावी बहुतेकांनी नाकारली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सागरतळाचे नकाशे तयार झाले, तेव्हा चित्र पालटले. मध्य-महासागरी पर्वतरांगांशी नवा सागरतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना पसरत असावा, असे हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये सागरतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून या कल्पनेस आधार दिला. पृथ्वीचे आकारमान वाढत नसेल, तर जितका तळ नव्याने तयार होतो तितकाच तो कोठे तरी नाहीसा झाला पाहिजे. हेस यांच्या मते ही जागा खंदकांची होती. महासागरांचा तळ कोठेही सु. २० कोटी वर्षांपेक्षा फारसा जुना का नाही, याचाही उलगडा त्यामुळे झाला.

याच सुमारास भूकंपविज्ञानास एक अनपेक्षित साहाय्य मिळाले. भूमिगत अणुचाचण्या ओळखता याव्यात, या हेतूने अमेरिकेने १९६० नंतरच्या काही वर्षांत जगभर सु. १२० ठिकाणी एकाच नमुन्याचे भूकंपलेखक बसविले. भारतात पुणे, शिलाँग, नवी दिल्ली व कोडाईकनाल येथील केंद्रे या जाळ्यात होती. त्यामुळे जगातील कोणत्याही भूकंपाच्या परस्परांशी ताडून पाहता येतील अशा नोंदी प्रथमच उपलब्ध झाल्या. भूकंपाच्या वेळी खडक कोणत्या दिशेने सरकला, हेही त्यांवरून काढता येऊ लागले.

जॅक ऑलिव्हर व ब्रायन आयझॅक्स यांनी टाँगा-फिजी भागात केलेले निरीक्षण (१९६७) विशेष महत्त्वाचे ठरले. खोल भूकंपांचे तरंग तिरप्या पट्ट्यामधून टाँगाकडे येताना फारसे क्षीण होत नाहीत. इतर मार्गांनी येणारे मात्र बरेच क्षीण होतात, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, भोवतालच्या उष्ण प्रावरणात सु. १०० किमी. जाडीची थंड व कठीण शिला तिरपी उतरलेली होती. पुढच्याच वर्षी लिन साइक्स यांच्यासह त्यांनी जगभराच्या भूकंपांचा भूपट्टांच्या गतीशी मेळ घालून दाखविला. डॅन मॅकेन्झी, रॉबर्ट पार्कर, जेसन मॉर्गन व झाव्हिए ल पिशाँ यांनी १९६७-६८ मध्ये भूपट्टांच्या गतीचे गणित बसविले. अधोगमन या अर्थाची मूळ पाश्चात्त्य संज्ञा आंद्रे आमश्टुट्स यांनी १९५१ मध्ये आल्प्स पर्वताच्या संदर्भात योजली होती. १९७० पासून ती भूपट्टांच्या संदर्भात रूढ झाली.

चिली व अलास्का येथील भूकंप : २२ मे १९६० रोजी दक्षिण चिलीमध्ये ९·५ महत्तेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदलेल्या भूकंपांत हा सर्वांत मोठा आहे. सु. १,००० किमी. लांबीचा विभंग त्यात हलला. त्यातून उठलेली त्सुनामी सु. १५ तासांनी हवाई बेटांवरील हीलो येथे पोहोचली व तेथे ६१ माणसे मरण पावली. इशाऱ्याचे भोंगे वाजविण्यात आले होते, तरीही अनेकजण किनाऱ्याजवळच राहिले होते. सुमारे एका दिवसाने ही लाट जपानला पोहोचली आणि तेथे सु. १४० माणसांचे प्राण गेले.

२७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९·२ महत्तेचा भूकंप झाला. जमीन सु. साडेचार मिनिटे हादरत होती. या भूकंपाचा विभंग जमिनीवर कोठेच दिसत नव्हता, त्यामुळे त्याच्या स्वरूपाविषयी मतभेद झाले. तो जवळजवळ उभा असावा, असा एक पक्ष होता. अमेरिकन भूवैज्ञानिक जॉर्ज प्लाफकर यांनी बोटीने व विमानाने किनारा पालथा घालून भरतीरेषेजवळच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या कवचधारी प्राण्यांच्या पातळीचे मापन केले. हे प्राणी विशिष्ट पातळीपर्यंतच जगत असल्यामुळे मेलेल्या प्राण्यांच्या पांढऱ्या रेषेवरून जमीन किती उचलली गेली, हे काढता येत होते. समुद्राच्या बाजूची एक विस्तीर्ण पट्टी उचलली गेली होती (माँटेग्यू बेटावर ११ मी.पेक्षाही अधिक) आणि जमिनीच्या बाजूची पट्टी सु. २ मी.पर्यंत खचली होती. उभ्या विभंगाने अशी रचना नीट स्पष्ट होत नव्हती. सागरतळ खंडाखाली कमी उताराच्या विभंगावरून सरकला, असा निष्कर्ष प्लाफकर यांनी १९६५ मध्ये मांडला. पुढे १९६८ मध्ये चिलीच्या किनाऱ्याची पाहणी करताना त्यांना हीच रचना तेथेही आढळली. भूपट्टांचा सिद्धांत मान्य होण्यापूर्वीच अधोगमनाचा हा प्रत्यक्ष पुरावा हाती आला होता.

भूकंप व त्सुनामी यांची प्रक्रिया : पर्वतरांगेपासून दूर जाताना महासागरी शिलावरण थंड, जाड व अधिक घन होत जाते. खाली उतरलेल्या भागातील खडकांचे दाबामुळे अधिक घन खनिजांत रूपांतर होते आणि त्याच्या वजनाने मागचा भूपट्टही ओढला जातो. ही ओढ भूपट्टांच्या गतीचे एक मुख्य कारण मानली जाते. खडकांत अडकलेले पाणी सु. १०० किमी. खोलीच्या आसपास बाहेर पडून वरच्या प्रावरणाचा वितळबिंदू कमी करते. त्यातून शिलारस निर्माण होऊन ज्वालामुखींची रांग तयार होते. अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अशाच रांगेत येतो.

दोन भूपट्टांची गती वर्षाला साधारण २ ते १० सेंमी. असते, परंतु त्यांच्यामधील संपर्कतल सर्वत्र सहज घसरत नाही. भूपृष्ठाजवळच्या काही भागापासून सु. ४० किमी. खोलीपर्यंत घर्षणामुळे दोन्ही भूपट्ट एकमेकांत अडकून राहतात. त्याखाली खडक उष्ण असल्याने ते सावकाश सरकतात. अडकलेल्या भागात वरच्या भूपट्टाची कड खाली व मागे ओढली जाते आणि तिच्या मागचा भाग किंचित फुगतो. वर्षाला ५ सेंमी. गती असलेल्या पट्ट्यात २०० वर्षांत १० मी. सरकण्याइतकी विकृती साठते. शेवटी घर्षणावर मात होऊन कड काही मिनिटांत मूळ स्थितीकडे उसळी घेते. हॅरी रीड यांनी १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्को भूकंपावरून १९१० मध्ये मांडलेल्या स्थितिस्थापक प्रतिक्षेपाच्या सिद्धांताचेच हे एक उदाहरण होय. संपर्कतल कमी उताराचे असल्यामुळे त्याची रुंदी १००–२०० किमी. आणि लांबी शेकडो किलोमीटर असू शकते. इतर प्रकारच्या विभंगांवर एवढे मोठे क्षेत्रफळ मिळत नाही. म्हणून सर्वांत मोठे भूकंप येथेच होतात.

कड उसळताना खंदकाजवळचा सागरतळ एकदम वर येतो व किनाऱ्याजवळचा भाग बहुधा खचतो. सागरतळाबरोबर त्यावरील पाण्याचा सर्व स्तंभ उचलला जातो आणि तो समपातळीत येताना त्सुनामी निर्माण होते. वाऱ्याने उठणाऱ्या लाटेत केवळ पृष्ठभागाजवळचे पाणी हलते. त्सुनामीत तळापर्यंतचे पाणी हलते. तिची गती पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. ४,००० मी. खोल समुद्रात ती ताशी सु. ७०० किमी. असते, तर १० मी. खोलीत ताशी सु. ३५ किमी. इतकी कमी होते. गती कमी होताच मागचे पाणी पुढच्यावर चढते व लाटेची उंची वाढते. खुल्या समुद्रात ही लाट जहाजावर जाणवतही नाही. किनाऱ्याच्या बाजूस लाटेचा खोलगट भाग आधी आला, तर समुद्र मागे हटतो व तळ उघडा पडतो. हा निसर्गाने दिलेला इशारा होय. मात्र समुद्र मागे न हटताही त्सुनामी येऊ शकते.

धक्का किती जोराचा जाणवला, यावरून त्सुनामीचा अंदाज करणे धोक्याचे असते. १५ जून १८९६ रोजी जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर भूकंप सौम्य जाणवला. त्यानंतर आलेल्या लाटांनी सु. २२,००० लोकांचा बळी घेतला. संपर्कतल संथपणे घसरल्यास धक्का कमी बसतो, पण पाणी तेवढेच उचलले जाते. अशा भूकंपांना ‘त्सुनामी-भूकंप’ असे नाव हिरू कानामोरी यांनी १९७२ मध्ये दिले. [→ त्सुनामी].

महत्तेचे मापन व पट्ट्यांचे वर्गीकरण : चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये तयार केलेली महत्तेची मोजपट्टी कॅलिफोर्नियातील मध्यम भूकंपांसाठी होती. तिच्यावरून निघालेल्या पद्धतींनी प्रचंड भूकंपांची महत्ता प्रत्यक्षापेक्षा कमी भरत असे. कारण अतिशय दीर्घ तरंगांतील ऊर्जा त्यांत मोजली जात नव्हती. कानामोरी यांनी १९७७ मध्ये विभंगाचे क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर व खडकाची दृढता यांच्या गुणाकारावर आधारित परिबल महत्ता वापरात आणली. तिच्यामुळे चिलीच्या भूकंपाची महत्ता ९·५ ठरली.

पुढचा प्रश्न असा होता, की काही पट्ट्यांत प्रचंड भूकंप होतात व काहींत होत नाहीत, असे का? सेइया उयेदा व कानामोरी यांनी १९७९ मध्ये पट्ट्यांचे चिली-प्रकार व मेरिआना-प्रकार असे दोन टोकांचे वर्ग केले. चिली-प्रकारात खाली जाणारा तळ तरुण, उबदार व म्हणून तरंगण्याकडे कल असलेला असतो. तो वरच्या भूपट्टाला घट्ट भिडतो. मेरिआना-प्रकारात तळ जुना व जड असून उभ्या उताराने बुडतो, त्यामुळे दोन्हींची पकड ढिली राहते. तळाचे वय व भूपट्टांची गती यांवरून कमाल महत्तेचे गणित करता येते, असे लॅरी रफ व कानामोरी यांनी १९८० मध्ये दाखविले. उपलब्ध नोंदींशी हे सूत्र चांगले जुळत होते. पण त्या नोंदी एका शतकापेक्षाही कमी काळाच्या होत्या, ही त्याची उणीव पुढे उघड झाली.

कॅस्केडिया पट्टा : अमेरिका व कॅनडा यांच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात लेखी इतिहासाच्या सु. २०० वर्षांत एकही महाभूकंप झालेला नव्हता. त्यामुळे तेथील अधोगमन विनाभूकंप चालत असावे, असे मत प्रचलित होते. ब्रायन ॲटवॉटर यांना वॉशिंग्टन राज्याच्या खाड्यांत दलदलीची जुनी माती भरतीच्या चिखलाखाली गाडलेली आढळली (१९८७). काही ठिकाणी तिच्यावर समुद्रातून आलेल्या वाळूचा थर होता. जमीन एकदम खचून लगेच समुद्राचे पाणी आत घुसल्याचे ते चिन्ह होते. खाऱ्या पाण्याने मेलेले सीडार वृक्ष अद्याप उभे होते. वृक्षवलयांवरून ते १६९९ च्या वाढीच्या हंगामानंतर व १७०० च्या हंगामापूर्वी मेल्याचे ठरले.

नेमका दिवस मात्र जपानमधील जुन्या कागदपत्रांनी सांगितला. जानेवारी १७०० मध्ये जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक गावांत भूकंप न जाणवता समुद्राचे पाणी शिरल्याच्या नोंदी गावच्या व सरकारी दप्तरांत होत्या. ही लाट कोठून आली, हे कोणास ठाऊक नव्हते. केंजी सातके व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लाटेच्या प्रवासाचा काळ हिशेबात घेऊन, कॅस्केडिया पट्ट्यातील भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी रात्री नऊच्या सुमारास झाला असावा, असे दाखविले. त्याची महत्ता ९ च्या आसपास होती. रात्री जमीन हादरून समुद्र चालून आल्याच्या कथा त्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या परंपरेतही होत्या. ज्याला भूकंपरहित मानले होते, तो पट्टा केवळ दीर्घ विश्रांतीत होता, हे अशा रीतीने सिद्ध झाले. गाळाच्या थरांतून जुन्या भूकंपांचा शोध घेण्याची ही पद्धती पुढे अन्यत्रही वापरली गेली.

सुमात्रा-अंदमान भूकंप : बंगालच्या उपसागराच्या पूर्वेस भारतीय भूपट्ट द्वीपमालेखाली जातो. या पट्ट्याच्या उत्तर भागात ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी उपसागराभोवतीच्या भरतीमापकांवर नोंदली गेली होती. तिची उंची एक मीटरपेक्षा कमी होती. २६ जून १९४१ रोजी अंदमानातही मोठा भूकंप झाला. दोन्हींची महत्ता ८ च्या जवळपास होती. तळ जुना व गती मंद असल्यामुळे येथे याहून फार मोठा भूकंप संभवत नाही, असाच वर्गीकरणाचा निष्कर्ष निघत होता.

२६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास उत्तर सुमात्राजवळ सुरू झालेला विभंग उत्तरेकडे फाटत जाऊन सु. १,३०० किमी. लांबीचा झाला. भूकंपाची महत्ता ९·१ ते ९·३ होती. पॅसिफिकमधील इशारा केंद्राने प्रथम ती ८ व तासाभराने ८·५ अशी ठरविली. शीघ्र पद्धतीने प्रचंड भूकंप लहान भासतात, या जुन्या अडचणीचाच तो परिणाम होता. हिंदी महासागरात त्या वेळी इशाऱ्याची कोणतीच यंत्रणा नव्हती. लाटेला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचण्यास सु. अडीच तास लागले, पण या अवधीत लोकांपर्यंत सूचना गेली नाही. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे मरण पावली. भारतात मृतांची संख्या दहा हजारांहून अधिक होती व नागपट्टिनम जिल्ह्याची सर्वाधिक हानी झाली. ग्रेट निकोबारच्या टोकाशी इंदिरा पॉइंट येथील जमीन सु. ४ मी. खचून तेथील दीपगृहाचा पाया पाण्यात गेला, तर उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ पाण्याबाहेर आले. प्लाफकर यांनी अलास्कात पाहिलेल्या उंचावण्या-खचण्याच्या रचनेचाच हा प्रत्यय होता.

त्यानंतर थायलंडमधील फ्रा थाँग बेटावर व सुमात्राच्या आचे भागात केलेल्या खोदकामात २००४ च्या वाळूखाली जुन्या त्सुनामींच्या वाळूचे थर मिळाले. त्यांतील सर्वांत अलीकडचा सु. ५५० ते ७०० वर्षांपूर्वीचा होता. पुरावा जमिनीत होता. तो शोधलेला नव्हता. याउलट सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्माँग’ या शब्दाने व त्याभोवतीच्या कथागीतांनी जपली होती. जमीन हादरून समुद्र मागे हटताच टेकडीवर पळायचे, एवढीच ती शिकवण होती. भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ असूनही सु. ७८,००० वस्तीच्या या बेटावर केवळ सात माणसे मरण पावली.

जपानचा २०११ चा भूकंप : रॉबर्ट मॅकॅफ्री यांनी २००८ मध्ये असे प्रतिपादन केले, की उपलब्ध नोंदींवरून कोणत्याही अधोगमन पट्ट्यात ९ महत्तेचा भूकंप अशक्य असे म्हणता येत नाही. तीन वर्षांतच त्याची प्रचीती आली. जगातील सर्वांत दाट भूकंपलेखन जाळे असलेल्या जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी ९ महत्तेचा भूकंप झाला. त्या किनाऱ्यासाठी ८ च्या आसपासचे भूकंप अपेक्षिले होते व समुद्रभिंतीही त्यानुसार बांधल्या होत्या. त्सुनामीचे पाणी काही ठिकाणी सु. ४० मी. उंचीपर्यंत चढले. मृत व बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक बळी गेले आणि फुकुशिमा येथील अणुविद्युत्‌ केंद्रात दुर्घटना घडली. सेंदाईच्या मैदानात समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत इ. स. ८६९ च्या त्सुनामीची वाळू आढळल्याचे संशोधन आधीच प्रसिद्ध झालेले होते. ते नियोजनात पुरेसे उतरले नव्हते.

या भूकंपाने आणखी एक समज दूर केला. खंदकालगतचा मऊ गाळ विकृती साठवत नसल्यामुळे तेथे मोठी घसरण होणार नाही, असे मानले जाई. प्रत्यक्षात खंदकाजवळच सु. ५० मी. घसरण झाली. २०१२ मध्ये सागरतळावर वेध घेतला असता तेथील विभंग पाच मीटरपेक्षाही पातळ अशा चिकणमातीच्या थरात असल्याचे आढळले. वेगाने सरकताना अशा थराचे घर्षण अतिशय कमी होते.

मकरान पट्टा व भारताचा पश्चिम किनारा : अरबी समुद्राच्या उत्तरेस अरबी भूपट्ट यूरेशियन भूपट्टाखाली वर्षाला काही सेंमी. गतीने जात आहे. गाळाच्या कित्येक किमी. जाडीच्या थरांमुळे येथील खंदक बुजलेला आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे पास्नी गावाजवळ सु. ८·१ महत्तेचा भूकंप झाला. मकरान किनाऱ्यावरील गावांची त्सुनामीने मोठी हानी केली. पास्नी येथे सर्वांत विनाशक लाट भूकंपानंतर तासाहून अधिक वेळाने आली. त्यामुळे मुख्य घसरणीखेरीज समुद्राखालील भूस्खलनाचाही तीत वाटा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ही लाट सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्याला पोहोचली. तेथे काही माणसे वाहून गेली आणि अपोलो बंदरच्या भरतीमापकावर तिची नोंद झाली. कारवारपर्यंत तिचा परिणाम जाणवला.

महाराष्ट्रात भूकंप म्हणताच ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवतो. तो भूपट्टाच्या अंतर्भागातील असून त्याचा संबंध जलाशयाशी जोडला जातो. अधोगमनाशी त्याचा संबंध नाही. कोकण व गोवे यांच्या किनाऱ्याला त्सुनामीचा संभव आहे, तो दूरच्या मकरान पट्ट्यापासून. या पट्ट्याचा केवळ पूर्व भाग १९४५ मध्ये फाटला. इराणकडील पश्चिम भागात उपकरणांच्या काळात एकही महाभूकंप नोंदलेला नाही. तो भाग शांतपणे घसरत आहे की विकृती साठवत आहे, याविषयी मतभेद आहेत. कॅस्केडियाविषयी नेमका हाच प्रश्न १९८० च्या सुमारास विचारला जात होता.

सद्यःस्थिती : उपग्रहांच्या साहाय्याने जमिनीची मिलिमीटरांतील हालचाल आता सतत मोजली जाते व संपर्कतलाचा कोणता भाग अडकलेला आहे याचे नकाशे काढता येतात. कॅस्केडिया व जपान येथे २००० नंतर संथ घसरणीच्या घटना लक्षात आल्या. त्यांत काही दिवस ते काही महिने चालणारी घसरण धक्क्याविना होते. त्यामुळे संपर्कतलाचे पूर्णपणे अडकलेला व पूर्णपणे मोकळा असे दोनच प्रकार मानणे आता पुरेसे ठरत नाही. एकदा फाटलेला भाग दीर्घकाळ सुरक्षित राहतो, हे गृहीतही दुर्बळ झाले आहे. कॅमचॅटकाच्या किनाऱ्यावर जुलै २०२५ मध्ये झालेला ८·८ महत्तेचा भूकंप १९५२ च्या महाभूकंपाच्याच परिसरात, अवघ्या ७३ वर्षांनी झाला.

भूकंपाचा दिवस आधी सांगण्याची कोणतीही विश्वसनीय पद्धती उपलब्ध नाही. भूकंप झाल्यानंतर त्सुनामीचा इशारा मात्र देता येतो. भारतात हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात अशी यंत्रणा २००७ पासून कार्यरत असून ती भूकंपलेखक, भरतीमापक व सागरतळावरील दाबमापक यांच्या नोंदींवर चालते. मकरानहून मुंबईकडे येणाऱ्या लाटेला काही तास लागत असल्याने या इशाऱ्याचा उपयोग होऊ शकतो. अंदमान व निकोबार बेटांवर मात्र काही मिनिटांचाच अवधी मिळतो. तेथे जोराचा वा दीर्घकाळ चालणारा धक्का हाच इशारा समजून उंचावर जाणे, हा मुख्य उपाय राहतो. कोणत्या किनाऱ्यावर किती मोठ्या लाटेची तयारी ठेवावी, हे ठरविताना उपकरणांच्या नोंदींबरोबरच खाडीतील वाळूचे थर, प्रवाळ, जुनी दप्तरे व लोकस्मृती यांचाही आधार घेणे आवश्यक मानले जाते.